पहिल्या गोळीआधीचं रक्त

माणूस रात्री चांगला झोपतो आणि सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळायला लागतं. एका बाजूचा डोळा मिटत नाही. मिटायला गेलं की बुबुळ वर सरकतं आणि पांढरं तेवढं दिसत राहतं. खर्रा खाणाऱ्याला कळतं ते गालावरून. चघळलेला चोथा एका बाजूला दात आणि गाल यांच्यामध्ये अडकून बसतो, बोट घालून काढावा लागतो, आणि थुंकायला गेलं तर ओठ साथ देत नाहीत. घरात कुणीतरी आरसा पुढे करतं आणि एकच शब्द निघतो : लकवा.

पुढच्या काही तासांत नागपुरात काय काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळा असेल तर दोष कूलरच्या वाऱ्याला, हिवाळा असेल तर पहाटेच्या थंडीला. कुणी मालिशवाल्याकडे नेतं, कुणी वैद्याकडे. आयुर्वेदाने या अवस्थेला अर्दित म्हणून वाताच्या विकारांत फार पूर्वीच जागा दिली आहे. ऐपत असलेले धंतोली-रामदासपेठेत जातात, बाकीचे मेडिकल नाहीतर मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, शिवनी, छिंदवाडा, बालाघाट इथली माणसं रात्रीची गाडी धरून याच दोन दारांशी येऊन उभी राहतात. या धावपळीत मेंदूचं बोलणं होतं, नसेचं होतं, वाऱ्याचं तर होतंच. रक्ताचं मात्र फार कमी. ती उणीव भरून काढण्यासाठी हे पुस्तक आहे, आणि त्याचा विषय नीट कळावा म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

सुरुवात कपाळापासून. डॉक्टर रुग्णाला भुवया वर करायला, कपाळाला आठ्या घालायला सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळते, गालाच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या एकाच अर्धाकडून. म्हणून मेंदूत बिघाड झाला असेल तर तोंड वाकडं होतं, पण कपाळावर आठ्या पडतात. कवटीतून बाहेर येणारी चेहऱ्याची नसच निकामी झाली असेल तर त्या बाजूचं कपाळही इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं. सोबत हात-पाय लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल, चालताना झोक जात असेल, तर कपाळाकडे बघत बसायचं नाही. तो मेंदूचा झटका समजून थेट मोठं रुग्णालय गाठायचं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आणि तिथेही सगळ्यात आधी येतो तो बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब. रक्तातली साखर फार खाली गेली तर हुबेहूब झटक्यासारखं चित्र उभं राहतं, अर्धं अंग लुळं पडतं, आणि साखर चढवल्यावर माणूस पूर्ववत होतो. ग्लुकोमीटरवर याचा उलगडा मिनिटाच्या आत होतो.

आता नसेकडे. चेहऱ्याची नस कानामागच्या कठीण हाडातून सुमारे 3 सेंटीमीटर लांबीच्या वळणदार बोगद्यातून येते. या बोगद्याला सोळाव्या शतकातल्या फॅलोपिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याच्या सर्वांत अरुंद जागी रुंदी पाऊण मिलिमीटरही नाही. शरीरातली दुसरी कुठलीही नस हाडाच्या इतक्या लांब आणि चिंचोळ्या वाटेने जात नाही. सूज आली तर तिला फुगायला जागाच उरत नाही. फुगली की तिच्या अंगावरच्या बारीक शिरा दबतात, शिरा दबल्या की रक्त तुंबतं, रक्त तुंबलं की सूज आणखी वाढते. नसेला जगवणाऱ्या धमन्याही केसासारख्या बारीक. चेहरा वाकडा होण्याचं नातं रक्ताशी जोडायचं ते इथूनच. या बोगद्यात कुणाचं रक्त वाहतं आहे, त्यात साखर किती, दाब किती, पेशींचा आकार कसा, संख्या किती, यावर नसेचं बरंचसं भवितव्य ठरतं.

बहुतेकांच्या बाबतीत डॉक्टर 'बेल्स पाल्सी' म्हणतात. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने 1821 मध्ये चेहऱ्याच्या नसांवर जो निबंध मांडला, त्यावरून हे नाव पडलं. वर्षाला लाखामागे साधारण 20 ते 30 जणांना हा त्रास होतो. नसेत दबा धरून बसलेला नागिणीच्या कुळातला विषाणू जागा होतो, असं आज मानलं जातं. उपचार न करताही दहापैकी सातजण पूर्ण बरे होतात. उरलेल्यांसाठी 2007 मध्ये स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीने वाट दाखवली. पहिल्या 72 तासांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करून दहा दिवस दिलं, तर तीन महिन्यांनी 83 टक्के रुग्ण पूर्ण बरे झालेले दिसले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण 63.6 टक्के होतं. नऊ महिन्यांनी आकडे 94.4 आणि 81.6 असे होते. नुसतं विषाणूविरोधी औषध देऊन फायदा दिसला नाही. त्या दिवसापासून वाकड्या चेहऱ्यावर स्टेरॉइड ही जगभरची रीत झाली, आणि ती योग्यच आहे.

माझं म्हणणं या रीतीच्या अलीकडचं आहे. गोळी सगळ्यांची एकच असते, रक्त एकाचं नसतं. साखर वाढलेल्या रक्तात हीच गोळी साखर भडकवते. सिकलसेलच्या रक्तात ती वेदनेचा झटका ओढवू शकते. रक्ताच्या काही कर्करोगांत ती आजार तात्पुरता दडपते आणि खरं निदान लांबणीवर टाकते. बुरशीने पछाडलेल्या माणसात तर ती बुरशीलाच बळ देते. विदर्भात हे चारही प्रसंग पुस्तकी नाहीत. म्हणून पहिली गोळी पोटात जाण्याआधी रक्ताची एक नळी भरून घ्यावी. बहात्तर तासांची मुदत त्यासाठी पुरेशी आहे. निकालाची वाट बघत औषध अडवून ठेवायचं नाही, पण नळी आधी भरायची.

साखरेचं पाहू. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. चेहऱ्याच्या नसेचा लकवा मधुमेह्यांत जास्त आढळतो, कारण वर्षानुवर्षांची वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड करते आणि नसेचं पोषण तुटत जातं. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे चेहरा वाकडा झाल्यावरच कळतं. अशा माणसाला स्टेरॉइड देऊ नये असं नाही. द्यावं, पण रोज साखर मोजत, गरज पडली तर इन्सुलिनच्या आधाराने. घरी मोजायची सोय नसेल तर ती सोय करणं हाही उपचाराचाच भाग आहे.

साखर आणि स्टेरॉइड यांची गाठ पडली की काय होतं, ते नागपूरने 2021 च्या एप्रिल-मे-जूनमध्ये पाहिलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. राज्यात नागपूर हे त्याच्या मोठ्या केंद्रांपैकी एक होतं. गाल सुजायचा, डोळ्यामागे ठणका लागायचा, टाळूवर काळा डाग दिसायचा आणि काहींचा चेहरा एका बाजूने पडायचा. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, आत गुठळ्या करते आणि पुढचा भाग रक्ताविना मरतो. तिला साखर हवी असते आणि लोह हवं असतं. मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं आणि बुरशीला आयतं मिळतं. ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी लोक वणवण फिरत होते. मेच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसने ते बनवायला सुरुवात केली तेव्हा विदर्भाला जरा दिलासा मिळाला. त्या महिन्यांत ज्यांनी आपलं माणूस गमावलं, किंवा डोळा, जबडा गमावून जे मागे राहिले, त्यांना रक्तातल्या साखरेचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. मधुमेह्याचा चेहरा वाकडा झाला आणि सोबत गाल बधिर, नाकातून काळपट स्राव, डोळ्याला सूज असेल, तर ती बेल्स पाल्सी धरून चालायचं नाही, हा त्या वर्षाचा महाग धडा आजही लागू आहे.

आता सिकलसेल. यावर थांबायला हवं, कारण हा आपल्या मातीतला विषय आहे. शिकागोच्या हेरिक यांनी 1910 मध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. भारतात 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत हा दोष सापडला. आणि 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख आला, तो नागपूरच्या कामातून. मेडिकल कॉलेज सुरू होऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. आदिवासी समाजांत, अनुसूचित जातींत आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न हे शब्द गडचिरोली-चंद्रपूरच्या आयाबायाही सहज बोलतात. आई-वडील दोघांकडून दोष आला तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहक माणूस एरवी निरोगी असतो. त्याचा चेहरा वाकडा झाला तर सिकलसेलला दोष देण्याआधी इतर कारणंच शोधावीत.

एसएस रुग्णाचं तसं नाही. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढाच फरक. पण प्राणवायू कमी पडला, पाणी कमी पडलं, ताप आला की ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या धरतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेली पेशी बारीक वाहिनीत अडकते. नवतप्याच्या उन्हात धानाच्या बांध्यावर किंवा रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला पाणी किती मोलाचं असतं ते यावरून कळावं. अडकण्याची जागा मेंदूत असेल तर झटका येतो. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत एसएस रुग्णांपैकी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत 11 टक्के आणि पंचेचाळिसाव्यापर्यंत 24 टक्के लोकांना झटका येऊन गेलेला दिसला. विशीतल्या रुग्णांत मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण विशेष होतं. अडथळा हाडात आला तर हाडाचा तुकडा रक्ताविना मरतो. जबड्यात असं झालं की हनुवटी बधिर होते. कवटीच्या हाडात, कानाजवळ असं झालं किंवा तिथे जंतूंनी घर केलं, तर चेहऱ्याची नस त्यात सापडू शकते. हे क्वचितच घडतं. पण त्याचा उपचार वेगळा आहे. सिकलसेलच्या झटक्यात तातडीने रक्त बदलून दोषी हिमोग्लोबिन 30 टक्क्यांच्या खाली आणावं लागतं. आणि स्टेरॉइडचा कोर्स संपल्यावर या रुग्णांत वेदनांचा झटका उसळून येतो, हे जाणकार डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. म्हणून त्यांना ती गोळी द्यायची की नाही, हा निर्णय सिकलसेलच्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.

इथे अडचण लपवाछपवीची आहे. मुलीचं लग्न मोडेल या भीतीने घरं सिकलसेलचा कागद कपाटाच्या तळाशी ठेवतात. ओपीडीत 'आधीचा काही आजार?' असं विचारलं की 'काही नाही' असं उत्तर येतं, विशेषतः सासरचं कुणी सोबत असेल तर. हा दोष रुग्णाचा नव्हे. डॉक्टरांनी, नर्सताईंनी माणसाला एकट्याने विचारावं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. म्हणजे पन्नाशीच्या शेतमजुराचं रक्त कधी तपासलंच गेलेलं नसण्याची शक्यता मोठी. आणि चाचणी किती साधी! एका नळीत औषधी द्रावण, त्यात रक्ताचा थेंब. मागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा द्रावणातून स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रावण गढुळलं आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे. मात्र एएस आणि एसएस दोन्हींत ते गढुळतं, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. माणूस फार पांढरा पडला असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर ही नळी फसवूही शकते.

चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या विकारांवरचं केंद्र उभं राहिलं आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूरच्या एम्ससोबतच त्याचंही लोकार्पण झालं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. एवढं झाल्यावरही चेहरा वाकडा झालेल्या माणसाला सिकलसेलबद्दल विचारलंच जाऊ नये, याची खंत वाटते.

रक्ताचा कर्करोग हे फारच विरळ कारण आहे, पण सुटलं तर परवडत नाही असं. ल्युकेमियाच्या पेशी नसेभोवती, मेंदूच्या आवरणात किंवा कानामागच्या हाडात साठतात. कधी प्लेटलेट्स इतक्या घटतात की बोगद्यातच रक्तस्राव होतो. क्वचित एखाद्या रुग्णात चेहरा वाकडा होणं हीच आजाराची पहिली खूण असते. थकवा, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळसर डाग, मानेत किंवा काखेत गाठी, न हटणारा ताप, यांतलं काहीही सोबत असेल तर सीबीसी आणि रक्ताचा स्मिअर त्याच दिवशी व्हावा. ल्युकेमियाच्या काही प्रकारांवर आणि लिम्फोमावर स्टेरॉइड हेही उपचारातलं एक औषध आहे. ते नकळत पोटात गेलं की पेशी काही काळ दबतात, रुग्णाला बरं वाटतं, स्मिअरमध्ये आणि गाठीच्या तुकड्यात पुरावा पुसट होतो. पहिल्या गोळीआधी नळी भरा म्हणतो ते सगळ्यात जास्त या रुग्णांसाठी.

रक्तदाबाचं थोडक्यात. 1869 मध्ये लंडनच्या वॉल्टर मॉक्सन यांनी मूत्रपिंडाच्या विकाराने दगावलेल्या आणि चेहरा वाकडा झालेल्या रुग्णाचा बोगदा उघडून पाहिला, तर आत रक्त साकळलेलं होतं. वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेलेला असताना कुणी नुसतं 'वारं लागलं' म्हणून घरी पाठवू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते आधी सांगावं. रक्त गरजेपेक्षा घट्ट होण्याचे आणि वारंवार गुठळ्या होण्याचे विकारही यादीत आहेत. ते मुख्यतः मेंदूच्या वाटेने चेहऱ्यापर्यंत येतात. आपल्या धानपट्ट्यात आणखी एक कारण आहे, घोणस. तिच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच बिघडते आणि मेंदूत रक्तस्राव होतो किंवा गुठळी बसते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष लागणार. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही परीक्षा होते.

रक्त सगळंच सांगतं असा दावा या पुस्तकाचा नाही. कानात किंवा कानाच्या पाळीवर पाण्याने भरलेले फोड असतील तर ती नागीण, आणि ती बॅटरी मारून कान बघितल्यावर कळते. गालावर बधिर चट्टा असेल आणि डोळा मिटत नसेल तर कुष्ठरोग आठवावा. दत्तपूर आणि आनंदवन ज्या प्रदेशात उभी राहिली, तिथल्या डॉक्टरला तो विसरून चालणार नाही. चेहरा दोन्ही बाजूंनी पडला आणि पायांतली शक्ती जाऊ लागली तर गियाँ-बारे. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळल्याने हे नाव घरोघरी पोचलं. त्यात रक्तातली प्रतिपिंडंच आपल्या नसांवर उलटतात, पण साध्या रक्ततपासणीत ते दिसत नाही.

आता तपासण्यांच्या यादीबद्दल, कारण यावर वाद आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की बेल्स पाल्सीत सरसकट रक्ततपासण्या करू नयेत. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पाच-पाच हजारांची पॅकेजं माथी मारणाऱ्या काळात तर अधिकच. पण त्या सूचना लिहिणाऱ्यांपुढे विदर्भातला शेतमजूर नव्हता, ज्याची साखर कधी मोजलेली नाही आणि ज्याच्या घराण्यात कुणीतरी तरुणपणी 'रक्त कमी होऊन' गेलं आहे. त्याच्यासाठी रक्तदाब, साखर, सीबीसी आणि पूर्वी झाली नसेल तर सिकलची चाचणी एवढं पुरे. सरकारी रुग्णालयात हे सगळं होतं. यापुढचं, म्हणजे एचआयव्ही, सिफिलिस, गुठळ्यांचे घटक, एमआरआय, हे डॉक्टरांना तशी शंका आली तरच.

रुग्णाने घरी जाऊन करायचं ते डोळ्याचं काम. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते आणि चेहरा सुधारला तरी नजर जाते. दिवसा अश्रूसारखे थेंब, रात्री मलम, आणि पापणी हाताने मिटवून वर कागदी पट्टी. बाहेर पडताना चष्मा, विशेषतः धुळीच्या दिवसांत. सुधारणा बहुतेकांत तीन आठवड्यांच्या आत दिसू लागते. तीन महिने उलटूनही काहीच हालचाल नसेल, लकवा अचानक न येता आठवड्या-आठवड्याने वाढत गेला असेल, किंवा त्याच बाजूला पुन्हा आला असेल, तर जुनं निदान बाजूला ठेवून नव्याने शोध घ्यायला हवा. तेव्हा पहिल्या दिवशीचे रक्ताचे कागद सोबत न्यावेत. स्टेरॉइडआधीची साखर किती होती, पांढऱ्या पेशी किती होत्या, हे नंतर कुठल्याही तपासणीत सापडत नाही.